हात आखडला की छंदाचं काय होतं, आणि छंदावर पोट असलेल्या दुकानदाराचं?

फावल्यावेळचा (धागाकर्ता)

पैशाची चणचण सुरू झाली की पहिली कात्री छंदावर, असं सगळे गृहीत धरून चालतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. आजूबाजूला बघतो तर छंद पार सोडून दिलेली माणसं फार थोडी. बहुतेकांनी छंद चालू ठेवलाय आणि खरेदी थांबवलीय. फोटो काढणारा फोटो काढतोच, लेन्स तेवढी नवी घेत नाही. वाजवणारा वाजवतोच, तारा गंजल्या तरी अजून महिनाभर ओढू म्हणतो. चित्रं काढणारा कागदाची पाठही रंगवतो. म्हणजे हौशी माणसाला मंदीचा नुसता चिमटा बसतो, पण त्याच्या दुकानदाराचा श्वास कोंडतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. कधी देशाचे आकडे बरे असतात आणि एखाद्याच गावाचं कंबरडं मोडलेलं असतं. मोठा कारखाना हलतो, खाण बंद पडते, कचेरी दुसरीकडे जाते. तिथल्या दुकानदाराला देशाच्या वाढीच्या दराचा काडीचा उपयोग नसतो.

चर्चेला दोन गोष्टी ठेवतो. अशा वेळी नक्की काय थांबतं आणि काय चालू राहतं? आणि छोट्या दुकानाने तगून राहायला काय करावं? 'आपल्याच माणसांकडून घ्या' ही घोषणा कृपया नको. तिने कोणाचं भाडं भरल्याचं ऐकिवात नाही.

गल्लापेटी

लोकर आणि भरतकामाचं सामान विकते, म्हणून लिहिते. खरेदी एकदम बंद होत नाही हो, तिचे तुकडे पडतात. ते जास्त त्रासाचं.

स्वेटरला आठ गुंडे लागणार असतील तर पूर्वी गिऱ्हाईक आठ न्यायचं, वर एक जास्तीचा, न लागला तर परत आणून द्यायचं. आता चार घेतात. "हे संपले की येते." लोकरीच्या गुंड्यावरच्या पट्टीवर रंगाच्या नंबराखेरीज आणखी एक नंबर असतो, तो रंगवलेल्या लॉटचा. एकाच रंगाचे दोन लॉट दुकानातल्या दिव्याखाली डिट्टो सारखे दिसतात. पण विणून झालं की उजेडात धरा, जिथे गुंडा बदलला तिथे पाठीवर आडवी रेघ उमटलेली असते. पुन्हा धुवून, वाफ देऊन काही ती जात नाही. म्हणून तिचे राहिलेले चार मला बाजूला ठेवावे लागतात, चिठ्ठी लावून. कधी ती येते, कधी येतच नाही. मग माझ्याकडे असे चार गुंडे राहतात ज्यांत मोठ्यांचा स्वेटर होत नाही, आणि टोपरं विणायला एवढे कोणाला लागत नाहीत. कपाटाचा एक अख्खा कप्पा असा चार-चारच्या ढिगांनी भरला की समजायचं, माझं खेळतं भांडवल तिथे झोपलंय.

दुसरं म्हणजे, विणणाऱ्या प्रत्येकीच्या घरी आधीच एवढी लोकर असते की दुकान सहा महिने बंद राहिलं तरी त्यांचं विणणं अडायचं नाही. चांगल्या दिवसांत हौसेने घेतलेली. माझी खरी स्पर्धा शेजारच्या दुकानाशी कमी आणि गिऱ्हाइकाच्या कपाटाशी जास्त आहे.

आकडेमोड

गल्लापेटीताई, फार मोलाचा प्रतिसाद. त्यात थोडा हिशेब मिसळतो.

समजा १०० ची विक्री झाली. माल ६० चा. हातात राहिले ४०. त्यातले ३० भाडं, वीज, पगार, व्याज यांत जातात आणि ते विक्री होवो न होवो द्यावेच लागतात. घरी नेण्यासारखे उरले १०. आता विक्री पाव हिश्शाने घटून ७५ वर आली. मालाचे ४५ वजा करून राहिले ३०, आणि ठरलेला खर्चही ३०. उरलं शून्य. गिऱ्हाइकाच्या मनात असतं की आपण चारातली एकच खरेदी टाळली. दुकानदाराची सगळी कमाई त्या एकातच होती.

मग पहिला सुचणारा उपाय म्हणजे सूट. १०० च्या वस्तूत ३० सुटत असतील आणि तुम्ही १० टक्के कमी केले, तर सुटतात २०. आधीइतकेच मिळवायचे तर दीडपट नग खपायला हवेत. लोकांनी हात आखडलेला असताना दीडपट गिऱ्हाईक येणार कुठून? सूट द्यावी ती पडून राहिलेल्या मालावर. तिथे नफा बघायचा नसतो, अडकलेला पैसा मोकळा करायचा असतो. चालू मालाला सूट लावणारा दुकानदार मंदी आपल्या हाताने घरात घेतो.

छंदाचाच नंबर आधी का लागतो, हे जुनं गणित आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा. पोट, छप्पर, औषध, शाळा हे आपापला वाटा उचलतात, आणि छंदाच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. उत्पन्न दहा टक्के घटलं तर हे उरलंसुरलं निम्म्यावरही येऊ शकतं.

तिरकस

हे सगळं ठीक, पण मंदीत छंदांची भरभराट होते असंही वाचलंय. लिपस्टिकची गोष्ट माहीतच असेल: मोठी चैन परवडत नाही, म्हणून माणसं छोटी चैन करतात. तसं असेल तर हौसेच्या दुकानांनी गळा काढायचं कारण काय? जे बुडाले ते धंद्यात कच्चे होते, विषय संपला.

आकडेमोड

लिपस्टिकची गोष्ट पसरली ती सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातले लेनर्ड लॉडर यांच्यामुळे, २००१ च्या सुमारास. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण २००८ च्या मंदीत लिपस्टिकचा खपच घसरला. त्याच काळात लेगोची विक्री मात्र २००८ आणि २००९ अशी दोन्ही वर्षं वाढली. म्हणजे 'छोटी चैन वाढते' हा नियम नाही. एखाद्या वस्तूचं तसं होतं, एखाद्याचं होत नाही, आणि तुमची वस्तू कुठल्या गटात बसते हे बहुधा नंतरच कळतं.

जुनंपानं

तिरकसराव अगदीच चूक नाहीत. १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेत जिगसॉ कोड्यांचं, म्हणजे तुकडे जुळवून चित्र पूर्ण करण्याचं, वेड लागलं होतं. १९३२-३३ च्या हिवाळ्यात ते शिगेला पोचलं, तेव्हा आठवड्याला १ कोटीच्या आसपास कोडी खपत होती असं सांगतात. पुठ्ठ्यावर साच्याने कापलेली स्वस्त कोडी तेव्हाच मोठ्या प्रमाणात बाजारात आली. औषधांच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून कोडी भाड्याने मिळायची.

मला त्यातला जो भाग आवडतो तो वेगळाच. काम गेलेले सुतार, वास्तुरचनाकार वगैरे लोक घरच्या घरी बारीक करवतीने लाकडी कोडी कापून आजूबाजूला विकायचे किंवा भाड्याने द्यायचे. म्हणजे एकाचा छंद वाढला आणि त्यातून दुसऱ्याचा छोटा धंदा उभा राहिला. करवत, पातळ लाकूड, चिकटवायला एखादं चित्र, बस्स. गोडाऊन नाही, कर्ज नाही. मंदीत जन्मलेल्या धंद्यांचं अंग असंच हलकं असतं.

वाचनमात्र

एरवी मी नावाप्रमाणेच असते, पण इथे राहवलं नाही.

जुनंपानं यांच्या उदाहरणाच्या बरोबर उलटं उदाहरण त्याच काळातलं आहे. ऑस्ट्रियात मारिएनताल नावाचं गाव, जवळजवळ सगळं एका कापडगिरणीवर चालणारं. गिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि गावच्या गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स त्सायझेल हे समाजाचे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे जाऊन बारकाईने नोंदी केल्या. कामगारांच्या वाचनालयाने वर्गणी माफ केली. लोकांकडे वेळच वेळ होता. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. वर्तमानपत्रं कमी झाली, मंडळं ओस पडली. रस्त्याने जाणारे पुरुष किती वेळा थांबतात आणि किती वेगाने चालतात हेसुद्धा त्यांनी मोजलं. चाल मंदावली होती. घाईने जावं असं ठिकाणच कोणाला उरलं नव्हतं.

म्हणजे पुस्तक फुकट, वेळ फुकट, आणि वाचन घटलं. छंदाला पैसा लागतो हे खरंच, पण त्याआधी डोकं शांत लागतं. उद्याची चिंता मानेवर बसलेली असेल तर हातात सुई धरवत नाही.

फावल्यावेळचा

वाचनमात्र, तुम्ही जास्त लिहीत जा. या एका प्रतिसादाने धाग्याचा आसच बदलला.

आता जिगसॉ आणि मारिएनताल शेजारी ठेवून बघू. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण चौघांतला एक बेकार होता. म्हणजे तिघांकडे काम होतं. पगार कापलेला, तास कमी झालेले, पोटात भीती, पण संध्याकाळी घरी बसून कोडं जुळवण्याइतका ठाव होता. मारिएनतालमध्ये बहुतेक सगळेच बेकार होते. मला वाटतं, सगळा प्रश्न इथेच आहे. घाबरून काटकसर करणाऱ्या समाजात स्वस्त छंद फुलतात. पायाखालची जमीनच गेलेल्या गावात ते सुकतात, फुकट असले तरी. दुकानदाराने आपण कुठल्या गावात आहोत हे आधी ओळखायला हवं, कारण पहिल्या ठिकाणी स्वस्त माल ठेवून भागेल. दुसऱ्या ठिकाणी कितीही स्वस्त केलं तरी शटर खालीच येणार.

तिरकस

ओळखायचं कसं? दोन्हीकडे गल्ला रिकामाच दिसतो.

गल्लापेटी

नाही, फरक दिसतो. काटकसर करणारं गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, हात लावून बघतं, कमी घेतं. "हाच रंग स्वस्तातल्या लोकरीत आहे का?" असं विचारतं. ते गिऱ्हाईक अजून विणतंय. खचलेलं गिऱ्हाईक दुकानात येतच नाही. आलंच तर विकायला येतं: सुया, मशीन, न उघडलेली पुडकी. विकत घेणाऱ्यांपेक्षा विकायला येणाऱ्यांची रांग वाढली की मी मनात नोंद करते.

चेन_सुटली

सायकल दुरुस्ती करतो, थोड्या नव्या सायकली विकतो. माझ्याकडून दोन पैसे.

आमच्याकडे काटकसर मोजता येते, पट्टीने. चेन झिजली की तिची लांबी वाढते. ते मोजायचं छोटं हत्यार असतं, एका टोकाला ०.५ टक्के आणि दुसऱ्याला ०.७५ टक्के. मागे ११ किंवा १२ चक्रं असतील तर ०.५ ला चेन बदलायची, १० किंवा कमी असतील तर ०.७५ पर्यंत चालतं. वेळेवर फक्त चेन बदलली तर काम स्वस्तात निपटतं. पण हात आखडलेला माणूस म्हणतो, "चालतेय ना, राहू दे." ती ताणलेली चेन मग मागच्या कॅसेटचे, म्हणजे चक्रांच्या संचाचे, दाते खाते. वर्षाने येतो तेव्हा नवी चेन टाकून उपयोग नसतो, चढावर जोर दिला की ती झिजलेल्या दात्यांवरून घसरते. म्हणजे कॅसेटही बदला, कधी पुढचं चक्रही. वाचवायला गेला त्याच्या तिप्पट-चौपट जातात.

मी आता काय करतो, कोणी पंक्चर काढायला आला तरी चेन मोजून दाखवतो. मोजायचे पैसे घेत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत पट्टी आत पडली की त्याला पटतं. जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा हे बरं.

आणि एक. नव्या सायकलींच्या भरवशावर बसलेले आमच्या धंद्यातले बरेच लोक अलीकडे आडवे झाले. २०२० मध्ये घरात कोंडलेल्या जगाने सायकली उचलल्या. माल मिळेना, म्हणून दुकानदारांनी दुप्पट-तिप्पट मागण्या नोंदवून ठेवल्या. तो माल पोचेपर्यंत लाट ओसरली होती. शिमानोसारख्या सुटे भाग बनवणाऱ्या दादा कंपनीची विक्री २०२३ मध्ये जवळपास पाव हिश्शाने पडली. मोठे ऑनलाइन विक्रेते मिळेल त्या भावात माल फुंकायला लागले, काही त्यातच बुडाले. त्यांच्या सेलच्या भावात मला घाऊकमध्येसुद्धा सायकल मिळत नव्हती. मग त्यांच्याशी भावात झुंजायचं तरी कशाला? त्यांच्याकडून घेतलेली सायकल दुरुस्तीला माझ्याकडेच येते. कपाळाला आठी न घालता करून देतो. काही जण माझ्यावर हसतात. हसू देत.

जुनंपानं

+१. गिटारचंही तसंच झालं. २०२० हे फेंडर या गिटार बनवणाऱ्या कंपनीसाठी तोवरच्या इतिहासातलं सर्वांत जास्त विक्रीचं वर्ष ठरलं. तेव्हा हौसेने घेतलेल्या कित्येक गिटारी आता जुन्या बाजारात फिरतायत. तेजीत जे भसाभस विकलं जातं तेच मंदीत सेकंडहँड होऊन नव्याच्या मुळावर येतं.

रंगपेटी

मी चित्रकला शिकवते, मोठ्यांचे वर्ग घेते. सामानही थोडं विकते, पण मुख्य वर्गच.

मंदीत वर्ग बंद पडतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, पण लोकांची बांधून घ्यायची तयारी गेली. तीन महिन्यांची फी आगाऊ द्यायला कोणी राजी नाही, एकेका दिवसाचे पैसे देऊन यायला तयार आहेत. माझ्यासाठी ते फार कठीण, कारण जागेचं भाडं महिन्याचं असतं आणि कोण येणार हे त्या सकाळपर्यंत कळत नाही. शेवटी मधला रस्ता काढला: पाच वेळांचं कार्ड, कधीही वापरा, घरातल्या दुसऱ्याला दिलंत तरी चालेल. पैसे आधी येतात आणि त्यांनाही अडकल्यासारखं वाटत नाही.

सामानाबद्दल एक सांगते, कारण इथे 'स्वस्त माल ठेवा' असं वर कोणीतरी म्हटलंय. जलरंगात विद्यार्थ्यांसाठीचा आणि कलाकारांसाठीचा असे दोन दर्जे असतात. स्वस्त ट्यूबमध्ये रंगद्रव्य कमी आणि भर जास्त. नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं असतं, म्हणजे मूळ महाग द्रव्याच्या जागी दुसरं वापरून तो रंग जमवलाय. फिका पडतो म्हणून जास्त घ्यावा लागतो, दोन रंग मिसळले की गढूळ होतो. नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट, आणि तो सोडून देतो. मला गिऱ्हाईक तुटलं हे कळतसुद्धा नाही. म्हणून मी आता चांगल्या प्रतीच्या मोठ्या ट्यूब घेते आणि छोट्या पॅनमध्ये पिळून, वाळवून एकेक रंग सुटा विकते. बारा रंगांचा डबा कोणाला परवडत नाही, पण चांगले तीन रंग परवडतात. तिघांतून बरंच काही मिसळता येतं.

तिरकस

म्हणजे शांपूच्या पुडीचं तत्त्व. मान्य, डोकं लावलंय. पण ताई, यात तुमच्या वेळेचे पैसे धरलेत का? पिळायचं, वाळवायचं, चिठ्ठ्या लावायच्या.

रंगपेटी

धरलेत. वाळत असताना माझा वर्ग चालू असतो. आणि चिठ्ठ्या विद्यार्थीच लावतात, त्यांना त्यातून रंगांची नावं पाठ होतात.

आकडेमोड

रंगपेटी आणि चेन_सुटली यांनी नकळत एक महत्त्वाची गोष्ट दाखवली.

गावात आलेला पैसा किती हातांतून फिरतो यावर त्या गावाचं बरंच ठरतं. समजा १०० आले आणि प्रत्येक हाताने त्यातले निम्मे गावातच खर्च केले: १०० चे ५०, ५० चे २५, असं करत एकूण व्यवहार २०० च्या घरात जातो. प्रत्येक हाताने पाचवा हिस्साच गावात खर्च केला, तर एकूण १२५ वरच थांबतो. आता हौसेच्या दुकानातली वस्तू बहुतेक वेळा बाहेरून आलेली असते. तिच्या किमतीतला मोठा भाग त्याच आठवड्यात घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, गावात राहते ती फक्त दुकानदाराची सुटत. शिकवणी, दुरुस्ती, शिवण, चौकट बसवून देणं यांत मात्र बहुतेक पैसा हाताच्या कामाचा असतो, तो गावातच फिरतो. म्हणून फावल्यावेळचा यांना घोषणेचा राग येतो ते मला समजतं. 'आपल्या दुकानातून खोका घ्या' म्हणण्याने गावाला जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट 'आपल्या माणसाकडून शिका, दुरुस्त करून घ्या' म्हणण्याने मिळतं.

दुसरी बाजूही सांगतो. प्रत्येकाने शहाणपणाने बचत केली की सगळ्यांची मिळकत घटते, आणि शेवटी बचतही होत नाही. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी यावरच बोट ठेवलं होतं. एकेका घराचा निर्णय अचूक असतो, बेरीज मात्र चुकते. त्यामुळे 'लोक कंजूष झाले' म्हणून गिऱ्हाइकावर चिडण्यात अर्थ नाही.

जुनंपानं

पैसा फिरण्यावरून आठवलं. जुन्या नोटा जमवणाऱ्यांना व्योर्गलच्या नोटा माहीत असतील. ऑस्ट्रियातलंच छोटं शहर. १९३२ च्या जुलैत तिथल्या महापौर उंटरगुगेनबर्गर यांनी स्वतःची स्थानिक नोट काढली. तिची किंमत दर महिन्याला १ टक्का घटायची. नोट चालू ठेवायची तर तेवढ्याचं तिकीट विकत घेऊन चिकटवावं लागे. साहजिकच कोणी ती उशाशी ठेवीना. रस्ते झाले, पूल झाला, लोकांनी थकलेले करसुद्धा भरून टाकले. १९३३ च्या सप्टेंबरात तिथल्या मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं. नोटा आता संग्राहकांकडे.

तसलाच दुसरा प्रयोग मात्र टिकला. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ मध्ये छोट्या व्यावसायिकांनी 'वीर' नावाची आपसातली उधारीची व्यवस्था सुरू केली. सुताराने छपाईवाल्याचं काम करायचं, छपाईवाल्याने तिसऱ्याचं, हिशेब एका वहीत, रोख लागत नाही. तिची बँक अजून चालू आहे. अभ्यासकांना असं दिसलं की मंदी आली की तिचा वापर वाढतो आणि बरे दिवस आले की घटतो.

तिरकस

म्हणजे थोडक्यात उधारी. ती आमच्याकडेही चालते, फक्त वही एकाच बाजूला असते.

गल्लापेटी

हाहा. आणि ती बाजू माझी.

गमतीचा भाग सोडा, पण ज्यांना वाटतं की मोठी दुकानं तगतात आणि छोटीच मरतात, त्यांच्यासाठी: अमेरिकेतली जोअन ही कापड आणि हस्तकलेच्या सामानाची साखळी १९४३ पासूनची. एका वर्षाच्या आत दोनदा दिवाळखोरीत गेली आणि २०२५ मध्ये तिने सगळी, म्हणजे ८०० च्या आसपास, दुकानं बंद केली. डोक्यावर कर्ज असलं की आकाराचा आधार होत नाही. मी कर्ज काढून माल भरत नाही. लोक म्हणतात दुकान छोटं दिसतं. दिसू दे.

फावल्यावेळचा

माझ्याकडून एक शेवटचा प्रश्न, गल्लापेटीताई वर म्हणाल्या त्यावरून. लोक विकायला येतात तेव्हा तुम्ही काय करता? जुनी वस्तू विकत घ्यायची की नुसती ठेवून घ्यायची?

गल्लापेटी

मी फक्त विणकामाची मशीन आणि सुया घेते. लोकर नाही, कसर लागलेली असली तर माझा अख्खा साठा जाईल.

चेन_सुटली

विकत कधीच घ्यायची नाही, हा माझा नियम. गाव बसलेलं असतं तेव्हा सगळे एकदमच विकायला काढतात, भाव रोज खाली. आज तुम्ही घेतलेली वस्तू पुढच्या महिन्यात निम्म्यावर. दुकानात ठेवून घ्या, विकली गेली तर आपला हिस्सा कापून बाकीचे मालकाला. पैसा त्याचा अडकतो, जागा तुमची.

फावल्यावेळचा

आणि विकली गेली नाही तर? ज्याची वस्तू आहे तो रोज फोन करणार.

चेन_सुटली

म्हणून पहिल्याच दिवशी कागद करायचा. वस्तूचं वर्णन, आधीचे ओरखडे आणि तुटफूट, आधी ठरलेला भाव, माझा हिस्सा किती, आणि मुदत. मुदतीच्या मध्यावर भाव इतका उतरणार हेही तिथेच लिहून घेतो, नंतर वाद नको. मुदत संपली की वस्तू घेऊन जा. नेली नाही तर पुढच्या प्रत्येक आठवड्याचं ठेवणावळ. आणि सायकल असेल तर फ्रेमचा नंबर लिहून ओळखपत्र बघितल्याशिवाय हात लावत नाही. मंदीत चोरीचा मालही याच दारातून आत येतो.

रंगपेटी

फ्रेमचा नंबर कुठे असतो?

चेन_सुटली

बहुतेक सायकलींना पेडलच्या दांड्याखाली, उलटी केल्यावर दिसतो. तिथली माती पुसा. खरवडलेला दिसला तर गिऱ्हाइकाला नमस्कार करून सायकल परत द्या.